राजनंदिनीचा उजवा पाय

कर्वेनगर, पुणे
५ नोव्हेंबर २००६

चि. सौ. दीपमाला हिस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते, अनेक आशीर्वाद. मनापासून आहेत का, ते विचारू नकोस.

फोन तू उचलत नाहीस. सुदर्शनच्या मोबाइलवरून लावला तर माझा आवाज ऐकताच ठेवून देतेस. परवा तुझ्या वडिलांनी उचलला आणि म्हणाले, "ती झोपली आहे." सकाळी अकरा वाजता! अमरावतीकडे तशी पद्धत असेल तर आपण काय बोलणार. म्हणून पत्र लिहायला बसले. सातवीपर्यंतच शिकले आहे, पण अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे.

भाऊबीजेला म्हणून गेलीस, त्याला आज बारा दिवस झाले. कपाटातले तुझे कपडे गेले, पोरीची दुपटी गेली, तिच्या पायाची ती बूट-पट्टीसुद्धा गेली. भावाला ओवाळायला जाताना कुणी एवढं सामान नेतं का गं? मी अडाणी असेन, आंधळी नाही.

माझं मागणं एकच आहे. माफी. धनत्रयोदशीला विमलाबाई फराळाचं ताट घेऊन दारात उभ्या असताना तू पोरीचा उजवा पाय हातात धरून मला विचारलंस, "आई, आम्ही ऑफिसला गेल्यावर तुम्ही हिची पट्टी काढत होतात का?" शेजारणीसमोर! मोलकरणीला अंगठी कुठे गेली म्हणून विचारतात ना, त्या सुरात. मी काय केलं? राजनंदिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, या पोरीची शपथ, ठरलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट जास्त काढली नाही. यानंतर आमच्यात कुणी काही विचारत नाही. विमलाबाईंच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. सुदर्शन तुला म्हणाला, आईची माफी माग. तू बॅग भरायला घेतलीस.

आणि पाय परत वळला तर तो माझ्यामुळे? जन्मताना काय सरळ होता? तू भुलीत होतीस, मी पहिल्यांदा पाहिला. पाऊल आत वळलेलं, तळवा वर, टाच चढलेली, बोटं पोटरीकडे बघतायत. डॉक्टर म्हणाल्या क्लबफूट, हजारातल्या एखाद्या बाळाला होतं, कुणाची चूक नसते. असं बोलणं त्यांचं कामच आहे. पितृपक्षातल्या अमावास्येला ग्रहण होतं, तुला पाचवा महिना, आणि तू कंपनीच्या बसने हिंजवडीला निघालीस. मी दारात आडवी उभी राहिले होते. "आई, आज रिलीज आहे," म्हणालीस. भोगा म्हणावं आता रिलीज.

दर शनिवारी नवं प्लास्टर, अशी सहा झाली. मग टाचेवरची शीर बारीक चिरेने तोडली आणि पुन्हा तीन आठवडे प्लास्टर. पाय सरळ झाला, ते मी नाकारत नाही. पण त्यानंतर ती पट्टी! दोन बूट आणि मधे लोखंडाची दांडी. अडीच महिन्यांच्या पोरीला तीन महिने रोज तेवीस तास त्यात अडकवायचं, एक तास मोकळं सोडायचं. पुढे चार वर्षांची होईपर्यंत झोपताना. एका तासात बाळाची अंघोळ होते का? तेल जिरायलाच अर्धा तास लागतो. मग अंग रगडणं, ऊन ऊन पाणी, धुरी, टाळू भरणं. ज्याने तो तास कागदावर लिहिला, त्याने जन्मात बाळ न्हाऊ घातलेलं नाही. पण मी पाळलं. शपथ घेतली आहे, पुन्हा पुन्हा लिहायला लावू नकोस.

माफी माग आणि परत ये. यायचं नसेल तर तसं कळव, म्हणजे पाळणा माळ्यावर टाकते.

सुशीलाबाई

*

कर्वेनगर
१९ नोव्हेंबर २००६

चि. सौ. दीपमाला हिस,

उत्तर नाही. ठीक आहे. मोठी माणसं आहात, ईमेलशिवाय लिहीत नसाल.

सोबत तेलाची बाटली पाठवते आहे. ओवा-लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल आहे. सकाळी उन्हात बसून दोन्ही पायांवर पोरीला घे, टाच डाव्या मुठीत धर आणि उजव्या अंगठ्याने पाऊल बाहेरच्या बाजूला चोळत आण. घाई करायची नाही. तुला जमणार नाही हे माहीत आहे, पण तुझ्या आईला जमेल.

तुला माझ्या कामाची लाज वाटते, हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, त्यांना तू सांगितलंस, "सासूबाई घरीच असतात." घरीच! ह्यांना, महिपतींना, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात असताना काविळीने नेलं, तेव्हा सुदर्शन नऊ वर्षांचा होता. क्वार्टर सोडावी लागली. बिबवेवाडीत दोन खोल्यांत आलो आणि माझ्या सासूने, मथुराबाईंनी, मला बाळ पायांवर कसं घ्यायचं ते शिकवलं. त्यांनी रडायला वेळ दिला नाही, तिथे आल्यावर दहाव्याच दिवशी एका बाळंतिणीकडे नेऊन बसवलं. तेव्हापासून सकाळी साडेसहाला बाहेर पडायचं, चार घरची चार बाळं न्हाऊ घालायची, दोन वाजता घरी. तुझ्या नवऱ्याचं इंजिनिअरिंग त्या तेलावर झालं आहे, हे त्याने तुला सांगितलं नसेल.

चारशे पोरं गेली माझ्या हाताखालून. सर्जेराव वकिलांचा रंगनाथ जन्मला तेव्हा त्याच्या दोन्ही पोटऱ्या कमानीसारख्या वाकलेल्या होत्या. वकीलबाई रडत बसायच्या. मी सात महिने रोज चोळून चोळून त्या सरळ केल्या. आज तो कॉलेजकडून क्रिकेट खेळतो. वकीलबाई अजून दिवाळीला साडी पाठवतात. चारशे पोरं या हाताने सरळ झाली, आणि माझी स्वतःची एक नात मला सरळ करता येणार नाही? करतच होते की मी. म्हणजे त्या ठरलेल्या एका तासात.

आणि एक सांगते. तुम्ही दोघं आठला बसमधे बसून निघून जायचात. जिन्यात भेटणाऱ्या बायका मला विचारायच्या, "अगं बाई, पोरीला बेड्या कसल्या घातल्यात?" एक जण तर म्हणाली, "मुलगी आहे हो, पुढे कसं व्हायचं?" ते ऐकायला तू नव्हतीस. नाव राजनंदिनी आणि पायात कैद्याची दांडी. मला तिला गच्चीत न्यायची चोरी झाली होती.

सुदर्शन जेवत नाही नीट. विचारलं की म्हणतो, काम आहे. तुला काही वाटत असेल तर बघ.

सुशीलाबाई

*

अमरावती
२ डिसेंबर २००६

ती. आई,

नमस्कार. तेलाची बाटली न उघडता परत पाठवली आहे.

इथल्या डॉक्टरांनी राजनंदिनीला तीनदा तपासलं. टाच पुन्हा वर चढली आहे आणि पाऊल आत ओढलं जातं आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पट्टी नियमाने घातली होती का? मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. म्हणाले, दहातल्या नऊ वेळा पट्टी न घातल्यामुळेच पाय परत वळतो. तसं असेल तर मोकळेपणाने सांगा, मी रागावणार नाही, परत प्लास्टरं घालून बघू. मी म्हटलं, दिवसा ती माझ्या सासूबाईंकडे असायची, रात्रीसुद्धा त्यांच्याचजवळ झोपायची, आणि त्यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं आहे.

मग त्यांनी पाठीच्या कण्याच्या आणि नसांच्या तपासण्या केल्या. त्यात काही निघालं नाही. त्यांचं म्हणणं असं, की इतकं पाळूनही वळतोय म्हणजे हा पाय हट्टी आहे, प्लास्टरला दाद देणार नाही. मोठं ऑपरेशन करावं लागेल. मागून आणि आतून पाऊल उघडायचं, शिरा लांबवायच्या, सांधे सोडवायचे. तारीख ९ जानेवारी मिळाली आहे. सुदर्शन सही करायला येणार आहे.

माफीबद्दल. मला तुमच्यावर संशय होता. तुम्ही शपथ घेतलीत तेव्हा मी तो टाकून दिला, कारण नातीच्या डोक्यावर हात ठेवून कुणी खोटं बोलेल हे मला खरंच वाटत नाही. तेव्हा संशय घेतल्याबद्दल माफी मागते. मी घर सोडलं ते तुमच्यामुळे नाही. त्या रात्री सुदर्शन मला म्हणाला, "सुरुवातीला रात्री तूच बांधायचीस ना, तुझ्याकडूनच सैल राहिली असेल." तेव्हापासून मी रोज तोच विचार करते आहे, की माझ्याकडून सैल राहिली का.

दीपमाला

*

कर्वेनगर
१० डिसेंबर २००६

चि. सौ. दीपमाला हिस,

ऑपरेशन? दहा महिन्यांच्या पोरीचं पाऊल उघडायचं? तुम्ही सगळे शुद्धीवर आहात का? तो कोण कुठला डॉक्टर, त्याला कापायची हौस असेल तर स्वतःचा पाय कापून घ्यायला सांग. तू शिकलेली म्हणवतेस आणि एका माणसाच्या सांगण्यावरून तारीख घेऊन मोकळी झालीस. दुसऱ्याला विचारलंस? पुण्याच्या डॉक्टरांना विचारलंस?

तू माफी मागितलीस ते वाचलं. त्याबद्दल आता काही बोलायचं नाही. ते राहू दे बाजूला.

मी सुदर्शनला म्हटलं, पोरीला इथे आणू, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवू. तो म्हणाला, "आई, तू आता गप्प बस." पोटचा पोर मला गप्प बस म्हणतो! तूही त्याला विचारत बसू नकोस. त्याला यात ओढू नकोस. त्याला काही माहीत नव्हतं.

आता तू म्हणतेस तो डॉक्टर इतकं खोदून विचारतोय, तर त्याला असं सांग. एखाद्या दिवशी अंघोळीला जास्त वेळ गेला असेल. दीड तास, फार तर दोन तास. उन्हाळ्यात तिच्या पायाला घामोळं आलं होतं, तेव्हा जरा वारा लागू दिला असेल. मधेमधे थोडी निघत होती म्हणून सांग. तेवढ्यावर ते परत प्लास्टर घालायला तयार होतात का ते विचार. लगेच विचार आणि कळव.

पण शपथेचं काही बोलू नकोस त्यांच्याशी. घरातल्या गोष्टी बाहेर कशाला.

सुशीलाबाई

*

कर्वेनगर
३१ डिसेंबर २००६

दीपमाला,

तू कळवलं नाहीस. मी तुझ्या वडिलांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात दोन तासांनी असा पाय वळत नाही. तारीख तीच आहे." बरोबरच आहे डॉक्टरांचं.

काल शनिवार. मी त्या क्लिनिकला गेले होते, जिथे आपण प्लास्टरला जायचो. एकटीच गेले, रिक्षा करून. सुदर्शनला मंडईत जाते म्हणून सांगितलं. बाकावर माझ्या शेजारी मुळशीकडची एक बाई होती, चार वर्षांची पोरगी घेऊन. पोरगी जिन्यावरून वर-खाली पळत होती, थांबायचं नाव नाही. बाईच्या मांडीवर तसलीच बूट-पट्टी, मोठ्या मापाची. मला म्हणाली, "आज परत द्यायची हाय, मावशी. संपली आमची." मी विचारलं, घालायचीस का रोज? "एक रात बी सोडली न्हाई. सासू म्हनायची, काढ ती बला, पोर रडतंय. म्या म्हनलं, आत्याबाई, तुमी तुमच्या भाकरी थापा, पायाचं म्या बघती." आणि हसली. मला तिच्या मुस्काटात मारावीशी वाटली. खरं लिहितेय. तिने माझं काय वाईट केलं होतं?

आत गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, शेजारच्या बाईच्या नातीचं विचारायचं आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शेजारणीसाठी एवढ्या लांब आलात? नशीबवान आहे हो शेजारीण." मला ओळखलं असणार. सहा शनिवार त्या पोरीला मांडीवर घेऊन मीच बसत होते त्यांच्यासमोर. पण त्यांनी तसं दाखवलं नाही. विचारलं, "पट्टी किती घातली होती शेजारणीने?" मी म्हटलं, दिवसा नाहीच. "आणि रात्री?" जुलैपासून रात्रीही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग पाय वळणारच. त्यात हट्टी पाय कसला? पुन्हा पाच-सहा प्लास्टरं घालायची, गरज पडली तर टाचेची शीर परत सोडवायची. वर्षाच्या आतलं बाळ आहे, सहज ऐकेल. उघडायचं कशाला? उघडलेलं पाऊल दिसायला सरळ होतं, पण आतून आखडतं. तिशीत जिना उतरताना दुखायला लागतं. शेजारणीला म्हणावं, तिथल्या डॉक्टरांना खरं सांगा, ते स्वतःच ऑपरेशन रद्द करतील."

मी उठायला लागले आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, मालिशने काहीच होत नाही का? मी चारशे मुलं न्हाऊ घातली आहेत. रंगनाथचं सांगितलं, त्याच्या वाकड्या पोटऱ्यांचं. त्या म्हणाल्या, "आजी, सगळ्याच बाळांच्या पोटऱ्या जन्मतः थोड्या वाकड्या असतात. दोन वर्षांत आपोआप सरळ होतात. ज्यांना कुणी तेल लावत नाही, त्यांच्यासुद्धा." अगदी गोड आवाजात म्हणाल्या. मी बाहेर येऊन पुन्हा त्या बाकावर बसले, अर्धा तास बसले असेन. वीस वर्षं वकीलबाईंची साडी घेतेय मी.

आता पुढचं लिहिते ते नीट वाच, आणि तुझ्या डॉक्टरांना शब्दन्‌शब्द वाचून दाखव.

तू १५ मेला कामावर रुजू झालीस. त्या दिवसापासून मी पट्टी काढत होते. तुमची बस आठला जायची, साडेआठला मी बूट सोडायची. संध्याकाळी सातला बस यायची, पावणेसातला परत बांधायची. दिवसभर तेल, ऊन, अंघोळ, आणि पोरगी मोकळी. बंद कुठल्या भोकात असायचे ते मी बोटाने मोजून ठेवायची, म्हणजे तुला कळू नये. तुझ्या हातून काही सैल राहत नव्हतं. तू बांधलीस की ती रडायची, कारण दिवसा मी तिला सवयच होऊ दिली नव्हती. जुलैत तुम्हा दोघांना अमेरिकेचे फोन सुरू झाले आणि मी म्हटलं, पोरीला माझ्याजवळ झोपवते. तुला वाटलं, सासू निवळली. मला थँक्यू म्हणालीस. मी तिथेही काढत होते आणि तू उठायच्या आत घालत होते. दिवाळीपर्यंत.

का केलं? तिचे हाल बघवत नव्हते, असं मी स्वतःला सांगत होते. जिन्यातल्या बायकांचंही होतं थोडं. पण खरं कारण ते नाही. मला वाटत होतं, त्या लोखंडाच्या दांडीपेक्षा माझा हात मोठा. पाय सरळ राहील, आणि मग एक दिवस मी सगळ्यांना सांगेन की पट्टी कधीच काढून ठेवली होती, हा पाय आजीने सरळ केला आहे. तुझ्या त्या मैत्रिणींनाही सांगेन. मला हे हवं होतं. लिहिताना लाज वाटते आहे. ऑगस्टमध्येच टाच परत चढायला लागली होती, माझ्या अंगठ्याला कळत होतं. तेव्हा मी आणखी जोरात चोळायला लागले.

शपथ खोटी होती. मी हात ठेवला तेव्हा तिने वर बघितलं आणि माझा अंगठा धरून हसली. त्या दिवसापासून रोज सकाळी देवापुढे बसून सांगते, बाबा, ती शपथ तिला लावू नकोस, मला लाव. तुझ्या पत्रात तू मागितलेली माफी परत घे.

आता सुदर्शन. आधीच्या पत्रात लिहिलं की त्याला माहीत नव्हतं. तेही खोटं. जूनमध्ये ताप आला म्हणून तो दुपारी तीनला घरी आला होता. पोरगी माझ्या पायांवर, बूट खिडकीत. बघून म्हणाला, "आई, दीपाला कळलं तर घर डोक्यावर घेईल. ती यायच्या आत घाल." मग वरण-भात जेवला आणि झोपला. काल रात्री मी त्याला म्हटलं, मी सगळं लिहून कळवणार आहे. तर म्हणाला, "आता सांगितलंस तर ती कधीच परत येणार नाही. ऑपरेशनने पाय सरळ होणारच आहे ना? मग कशाला?" एकट्या बाईने वाढवलेलं पोर, त्याला कुठे काही कमी पडू दिलं नाही मी, कधी कुठल्या गोष्टीचा जाब विचारला नाही. दोष कुणाला द्यायचा?

हे लिहून मी त्याचा संसार मोडते आहे, मला कळतं. तो मला विचारेल, आई, तू कुणाची? विचारू दे.

यावरून तू फार शहाणी असं समजू नकोस. तुझा फणकारा मला काल आवडत नव्हता, आजही आवडत नाही. ग्रहणाचं मात्र परत घेते. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, ज्या देशात ग्रहण कुणी पाळत नाही तिथेही तितकीच मुलं अशी जन्मतात.

सही करू नकोस. सुदर्शनलाही करू देऊ नकोस. हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे, एक स्पीड पोस्टाने आणि एक कुरिअरने. नऊ तारखेच्या आत एक तरी पोचेल.

सुशीलाबाई

*

अमरावती
९ जानेवारी २००७

ती. आई,

कुरिअर तीन तारखेला मिळालं, स्पीड पोस्ट पाचला. डॉक्टरांना पूर्ण पत्र वाचून दाखवलं. सुदर्शनचा भागही वाचला. त्यांनी तारखा पुन्हा एकदा वाचायला लावल्या. मग म्हणाले, "ताई, हे आधी कळलं असतं तर बाळाला एवढ्या सुया टोचल्या नसत्या." आज सकाळी आठला ऑपरेशन होतं, ते रद्द केलं आहे. शनिवारी पहिलं प्लास्टर घातलं, बोटांपासून मांडीपर्यंत. आणखी पाच-सहा लागतील. पाय ऐकतोय म्हणाले. मग परत पट्टी, पुन्हा तीन महिने तेवीस तास. मी नोकरीचा राजीनामा दिला आहे, तिची पट्टी यापुढे माझ्याशिवाय कुणी बांधणार नाही.

सुदर्शन रविवारी आला होता. मी त्याला एकच विचारलं, जूनमधलं खरं आहे का? तो म्हणाला, "आईचं वय झालंय, तिला नीट आठवत नाही." मी त्याला प्लास्टर दाखवलं, चहा दिला आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायला सांगितलं.

तुम्ही येऊ नका. तेल पाठवू नका. तिच्या वाढदिवसाला फोनही करू नका.

तिच्या पायावर सुरी चालली नाही ती तुमच्या पत्रामुळे. चालायची वेळ आली होती तीही तुमच्यामुळे. ती मोठी झाली की मी तिला या दोन्ही गोष्टी सांगणार आहे. आधी कोणती सांगायची, ते अजून ठरवलेलं नाही.

दीपमाला